'मागील भांडणाची कुरापत काढून...': मारामाऱ्यांवर कुणी नीट अभ्यास केलाय का?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:१०

नाशिकमधल्या एका दवाखान्यात मी ब्रदर आहे. कुठला ते विचारू नका, सांगणार नाही. अपघात विभागात रात्रपाळ्या करून करून झोपेचं गणित कधीच बिघडलंय.

परवा रात्री साडेबाराला एक पोरगा आला, एकोणीस-वीसचा. डाव्या हाताला गमछा गुंडाळलेला, रक्ताने जड झालेला. काय झालं? "गाडीवरून पडलो." गमछा सोडला तर कोपरापासून मनगटापर्यंत, करंगळीच्या बाजूने, पट्टी लावून ओढावी तशी सरळ चीर. तळहात स्वच्छ. गुडघे स्वच्छ. पॅन्टला धूळ नाही. अहो, गाडीवरून पडणारा माणूस आधी तळहात टेकतो, खरचटतो, खडी रुतते. ही जखम हात डोक्यावर आडवा धरल्याशिवाय होत नाही. सोबत आलेल्या दोघांपैकी एकाची उजव्या करंगळीमागची गाठ सुजून सपाट झाली होती. कुणाच्या तरी जबड्यावर मूठ बसली की तिथलं हाड मोडतं. तो म्हणाला, दारात चेमटली.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, झाली, हवालदार जबाब घेऊन गेले: गाडीवरून पडलो. विषय संपला. दुसऱ्या रात्री समोरच्या पार्टीतला एक आला. तोही गाडीवरूनच पडला होता. नाशिकचे रस्ते वाईट आहेत, पण इतके नाहीत.

गेल्या पावसाळ्यापासून मी एक वही ठेवलीय. नाव नाही, वय नाही. फक्त वार, वेळ, जागा, कशाने मारलं. पहिल्या दिवशी कुणी खरं बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आली की पोरं बोलतात. वही चाळली तर त्याच तीन जागा पुन्हा पुन्हा येतात. आणि कारणं! खुन्नस दिली. स्टेटस ठेवलं. गाडी आडवी लावली. चखन्याचे पैसे. पेपरवाले लिहितात ना, 'मागील भांडणाची कुरापत काढून', ती ओळ त्यांनी एकदाच टाइप करून ठेवली असणार.

विचारायचं एवढंच. मलेरियावर अभ्यास होतो, डेंग्यूवर होतो. यावर कुणी केलाय का? आणि कुठे कमी झालंय का?


चहाटळ | ९:२५

आहे ना अभ्यास. सागवानी दांडका, लांबी तीन फूट.


सिडको एक्सप्रेस | ९:४०

ब्रदर, भो, अभ्यास बिभ्यास राहू द्या. धिंड काढा चौकातून. आमच्या इकडे मागं एकाची काढली होती, महिनाभर गल्ली शांत.


रात्रपाळी | ९:४४

@सिडको एक्सप्रेस, आणि महिन्यानंतर?


सिडको एक्सप्रेस | ९:५२

महिन्यानंतर त्याच धिंडीचा व्हिडिओ पोरांनी गाणं लावून रील म्हणून टाकला. बर्थडेला. पण तो मुद्दा वेगळा.


गोदाकाठी | ११:३०

तो मुद्दा अजिबात वेगळा नाही, पण त्यावर नंतर येते.

ब्रदर, तुमची वही वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मी सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवते. तुम्ही जे करताय ते एका माणसाने आधी केलंय आणि त्याला त्यासाठी २००८ मध्ये गुन्हेशास्त्रातलं स्टॉकहोम पारितोषिक विभागून मिळालंय. जोनाथन शेफर्ड, वेल्समधल्या कार्डिफ शहरातले जबड्याचे सर्जन. तुटलेले जबडे जोडता जोडता त्यांनी आपले पेशंट आणि पोलिसांची नोंद ताडून पाहिली. मारहाणीत जखमी होऊन दवाखान्यात आलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोकांचा पोलिसांकडे पत्ताच नव्हता. कुणाला बदल्याची भीती, कुणाचे स्वतःचे हात बरबटलेले, कुणाला कोर्टाच्या खेटा नकोत. म्हणजे थोडक्यात, तेही गाडीवरून पडलेले.

मग १९९० च्या दशकात त्यांनी एक साधी पद्धत बसवली. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवरच दोन-चार प्रश्न विचारायचे: नेमकं कुठे, किती वाजता, कशाने, मारणारे किती. नाव-पत्ता काढून टाकायचा आणि उरलेला तक्ता दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेसमोर ठेवायचा. कुणाला पकडण्यासाठी नाही हं, हे महत्त्वाचं. जागा आणि वेळ कळावी म्हणून. त्यावरून गस्तीचे मार्ग बदलले, रात्री गर्दी फुटते ते रस्ते वाहनांना बंद केले, दारूच्या अड्ड्यांवर लक्ष वाढवलं. बारमध्ये मारामारीत ग्लास फोडून तोंडावर मारायची तिकडे पद्धत होती, तर सहज न फुटणारे ग्लास वापरायला लावले.

त्याचा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कार्डिफची तुलना तशाच चौदा शहरांशी केली होती. मारहाणीमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाखामागे ७ वरून ५ वर आलं. इतर शहरांत त्याच काळात ५ वरून ८ वर गेलं. बाकीच्या गोष्टी जमेस धरून फरक ४२ टक्क्यांचा.


ठाणे अंमलदार (निवृत्त) | दुपारी १:१५

गोदाकाठी ताई, छान माहिती. पण एक विचारतो. त्या गावात पोलिसांच्या दप्तरी गुन्हे वाढले का घटले?


गोदाकाठी | १:३०

काका, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. गंभीर जखमांचे गुन्हे इतर शहरांपेक्षा कमी वाढले. पण किरकोळ मारहाणीचे नोंदवलेले गुन्हे कार्डिफमध्ये वाढले, १५ वरून २० वर, तेही लाखामागे महिन्याला. जे आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागलं, आणि लवकर हस्तक्षेप झाल्याने पुढचं मोठं टळलं असं अभ्यासकांचं म्हणणं.


ठाणे अंमलदार (निवृत्त) | २:०५

इथेच घोडं पेंड खातं.

मी तीस वर्षं नोकरी केली. कुठल्या ठाण्यात ते जाऊ द्या. साध्या मारहाणीला पूर्वी ३२३ कलम लागायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ११५(२). अदखलपात्र. म्हणजे एनसी. वहीत ओळ लिहायची, फिर्यादीला पावती द्यायची आणि सांगायचं, कोर्टात जा. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. त्या पोराने काय करायचं? घरी जाऊन मित्र गोळा करायचे. हत्यार निघालं की कलम बदलतं, आणि डोक्यात कोयता बसला की ३०७, आता त्याला १०९ म्हणतात. लोकांच्या भाषेत हाफ मर्डर.

बहुतेक हाफ मर्डरच्या मागे कुठेतरी एक एनसी पडलेली असते. मी स्वतः अशा दोन एनसी लिहिल्यात ज्यांचे पुढे पंचनामे करावे लागले. एक तर अजून डोळ्यापुढे आहे. चपलेवरून सुरुवात झालेली. दोघं शेजारी, चाळीतली एकच मोरी.

आणि आकडा वाढला की मीटिंगमध्ये वरून विचारणा: तुमच्याकडेच का वाढला? त्यामुळे ठाणेदार 'समजपत्र देऊन सोडले' करतो. कार्डिफचं उदाहरण इथे आणायचं तर पहिल्या वर्षी आकडा वाढेल हे लेखी मान्य करणारा साहेब आधी शोधा.


चहाटळ | २:१०

अंमलदार काका, सलाम. दांडक्याचं विधान तात्पुरतं मागे.


आकडेमोडे | ४:४०

पेपरातल्या 'क्षुल्लक कारणावरून' या शब्दांना हसू नका. तो फार जुना शास्त्रीय वर्ग आहे. मार्विन वोल्फगँग या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या पोलिसांच्या फायली काढून १९४८ ते १९५२ मधले ५८८ खून तपासले. १९५८ च्या त्याच्या पुस्तकात कारणांचा सगळ्यात मोठा गट कुठला? किरकोळ वाद. शिवी, धक्का, अपमान. त्याचं निरीक्षण असं की कारण आपल्याला क्षुल्लक वाटतं. त्या माणसाला, त्याच्या मित्रांसमोर, ते तसं वाटत नाही. शिवाय बऱ्याच प्रकरणांत पहिला हात मेलेल्यानेच उचलला होता. म्हणजे 'मारणारा' आणि 'मार खाणारा' अशा दोन जाती नाहीत. ब्रदरच्या वहीतही एकच पोरगा दोन्ही बाजूंनी येत असेल.

आपल्याकडचं बघा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे. त्यात हेतू 'वादविवाद' असलेले ९,९६२. वैयक्तिक वैर ३,७६१. फायद्यासाठी, म्हणजे दरोडा, पैसा वगैरे, फक्त १,८८४. टोळ्या, सुपारी, सिनेमात दिसतं ते सगळं बाजूला ठेवा. माणसं भांडणात मरतात.

आणि तीन जागांबद्दल. १९८९ मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातून पोलिसांना आलेल्या फोनचा हिशेब मांडला. शहरातल्या ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन. नंतर अनेक शहरांत हेच चित्र निघालं. आपण म्हणतो 'तो एरिया खराब आहे'. एरिया खराब नसतो हो, त्यातला एक कोपरा, एक टपरी आणि रात्रीचे दोन तास खराब असतात. पंचवटी, सिडको, सातपूर अशी अख्खी नावं बदनाम करण्यात अर्थ नाही.


सिडको एक्सप्रेस | ५:०२

धन्यवाद भो, सिडकोवाल्यांच्या वतीने. पण एका कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी केली की पोरं पुढच्या कोपऱ्यावर जाणार ना?


आकडेमोडे | ५:२०

मलाही तसंच वाटायचं. गुन्हेशास्त्रज्ञ अँथनी ब्रागा वगैरेंनी अशा प्रयोगांचे एकत्रित आढावे घेतलेत. बहुतेक ठिकाणी भांडणं सरकली नाहीत, उलट आजूबाजूच्या गल्ल्यांतही थोडी कमी झाली. कारण साधं आहे. ती जागा तिथे उगाच नसते. दारूचं दुकान, अंधार, बसायला कठडा, पळायला बोळ, चौघांची ओळख, हे सगळं उचलून पुढच्या कोपऱ्यावर नेता येत नाही.


मोकळा प्लॉट | ६:१५

अंधाराचं निघालंच आहे तर. आमच्या सोसायटीमागे एक मोकळा भूखंड आहे. गाजर गवत कमरेएवढं, रात्री बाटल्या. आम्ही अर्ज देऊन थकलो. फिलाडेल्फियात (पुन्हा तेच गाव) अशा पडीक भूखंडांवर प्रयोग झाला होता. ५४१ भूखंड घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, काही नुसते साफ केले, काहींवर गवत, दोन-चार झाडं आणि गुडघ्याएवढं लाकडी कुंपण. बाकीचे तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: गरीब वस्त्यांत साफ केलेल्या भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी. न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींत अशाच पद्धतीने मोठे दिवे लावले, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी घटले.

मी हे दोन्ही छापून नगरसेवकांना दिलं. ते म्हणाले, कुंभमेळ्याच्या निधीतून बघू. २०२७ पर्यंत गवत डोक्याच्या वर जाईल.


सिडको एक्सप्रेस | ६:३०

पोरांना शाळेतूनच नाशिकरोड जेल दाखवून आणलं पाहिजे. आतले कैदी भेटवा. टरकतील.


गोदाकाठी | ७:०५

भाऊ, नेमका हाच प्रयोग अमेरिकेत १९७० च्या दशकापासून झाला. पोरांना तुरुंगात नेऊन जन्मठेपवाल्यांकडून दरडावून घ्यायचं. त्यावर टीव्ही कार्यक्रमही निघाले. मग काही संशोधकांनी नीट तुलना केली, गेलेली पोरं आणि न गेलेली पोरं. सगळे प्रयोग एकत्र ताडून पाहिल्यावर निघालं की जेल बघून आलेली मुलं नंतर जास्त गुन्हे करतात. काहीच न करणं त्यापेक्षा बरं होतं. का, याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. माझं मत विचाराल तर तुमच्या धिंडीच्या रीलमध्ये उत्तर आहे. ज्या वयात आपण कुणीतरी आहोत हे दाखवायची घाई असते, त्या वयात तुम्ही त्याला स्टेज देता.

शिक्षेचा धाक नसतोच असं मी म्हणत नाही. पण शिक्षा किती कडक यापेक्षा पकडलं जाईन याची खात्री जास्त काम करते, इतकं या विषयातले बहुतेक अभ्यासक मान्य करतात. आणि काकांच्या एनसीत नेमकी तीच खात्री नाही.


अंगणातली | रात्री ९:५०

मी इथे फारशी लिहीत नाही. सगळं वाचलं. सगळं पोरांचं, चौकातलं, कोयत्याचं.

मी तीन वेळा जिन्यावरून पडले. आमचं घर तळमजल्यावर होतं.

दोन वेळा दवाखान्यात 'जिना' असंच लिहिलं गेलं. तो शेजारी उभा असायचा, माझी पर्स हातात धरून, अगदी काळजीने. तिसऱ्या वेळी एक सिस्टर होत्या. त्यांनी त्याला खाली मेडिकलला पाठवलं, एक इंजेक्शन आणायला जे नंतर दिलंच नाही. पडदा ओढला. माझ्याकडे न बघता, पट्टी कापता कापता विचारलं, "तुमचा जिना रोज दारू पितो का?"

मी हसले. मग रडले. बारा वर्षं झाली. आता मी आणि मुलगी वेगळ्या राहतो. ब्रदर, तुमच्या वहीत माझ्यासारख्यांची जागा कुठली लिहिता?


रात्रपाळी | १०:२०

ताई, खरं सांगतो. लिहीतच नाही. वहीत बायका नाहीत. आत्ता वही उघडून बघितली. एकही नाही. त्या येत नाहीत असं नाही, दर आठवड्याला येतात. मला कधी ती 'मारामारी' वाटलीच नाही.


गोदाकाठी | १०:४५

अंगणातली, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. म्हणजे चौकातल्या सगळ्या कोयत्यांची बेरीज केली तरी घरातला आकडा मोठा.

त्या सिस्टरनी जे केलं त्याचं रीतसर शिक्षण देता येतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत संस्था आणि महापालिकेने मिळून साधारण २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं. देशात सरकारी दवाखान्याच्या आत असं केंद्र पहिलंच. डॉक्टर-नर्सना खुणा ओळखायला शिकवायचं, एकटीला विचारायचं आणि तिथेच समुपदेशकाकडे न्यायचं. 'जिना', 'मोरीत घसरले', 'स्टोव्ह भडकला' ही वाक्यं ऐकली की थांबायचं.

मात्र ब्रदर, एक सावधगिरी. कार्डिफचा तक्ता घरातल्या हिंसेला जसाच्या तसा लावू नका. तिथे 'जागा' म्हणजे तिचं घर. ती कागदावर आली आणि फुटली तर तिलाच मार पडेल. तिला विचारायचं, ती म्हणेल तेवढंच पुढे न्यायचं.


आकडेमोडे | १०:५८

आणि वहीबद्दलही बोलायला हवं. हेतू चांगला असला तरी पेशंटची माहिती खाजगी वहीत ठेवणं नियमात बसेल असं मला वाटत नाही, नाव नसलं तरी. डॉक्टरांना विश्वासात घ्या.


रात्रपाळी | ११:०५

बरोबर आहे. टोचलं, पण बरोबर आहे.


कबड्डीवाले सर | सोमवार, सकाळी ७:३०

रात्री उशिरापर्यंत धागा वाचला. एक प्रयोग सांगतो, स्वतः केलेला.

शिकागोमध्ये शाळेतल्या मुलांसाठी एक कार्यक्रम आहे, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'माणूस होताना'. तिथे पहिल्याच दिवशी जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तीस सेकंदांत तो मिळवायचा. मी आमच्या मैदानावर चौदा पोरं घेतली, चेंडूऐवजी लिमलेटची गोळी दिली आणि शिट्टी मारली.

काय सांगू. बोटं पिरगाळली, मांडीखाली दाबलं, एकाने दंडाला चावा घेतला. एकाची गोळी मुठीतच फुटली, चिकट हात घेऊन दोघं मातीत. शिट्टी मारली, सगळे धापा टाकतायत. विचारलं, "कुणी मागितली का रे?" सगळे गप. एक जण म्हणाला, "सर, तुम्ही मिळवा म्हणाला होता." मी ज्याच्या मुठीत गोळी होती त्याला विचारलं, मागितली असती तर? तो म्हणाला, "दिली असती की. मला लिमलेट आवडत नाही."

तिकडे या कार्यक्रमाची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. कार्यक्रम चालू असताना त्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी. पण कार्यक्रम संपल्यावर हा फरक टिकल्याचं दिसलं नाही, हेही सांगतो. लायबेरियात मोनरोव्हियामध्ये रस्त्यावरच्या ९९९ तरुणांवर असंच काही केलं होतं, आठ आठवडे गटचर्चा आणि काहींना २०० डॉलर. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्यातल्या चोऱ्या-मारामाऱ्या दहा वर्षांनंतरही साधारण निम्म्यावर होत्या. पैसे दारूत उडवतील असं सगळ्यांना वाटत होतं, तसं झालं नाही.

माझ्या चौदांचं काय होईल माहीत नाही. पण आता मैदानावर कुणी कुणाची कॉलर धरली की तिसरा ओरडतो, "अरे लिमलेट, लिमलेट!"


चहाटळ | ७:४२

हे वाक्य मी ऑफिसात वापरणार.


मावशी पंचवटी | ९:१५

मला एक सांगा रे बाळांनो. आमच्या वेळी भांडण लागलं की चार म्हातारे मध्ये पडायचे. आता सगळे मोबाइल काढून उभे. माणुसकी मेली.


आकडेमोडे | ९:४०

मावशी, माणुसकी मेली हे सिद्ध करायला निघालेल्यांचीच पंचाईत झाली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला किटी जेनोविझ नावाच्या मुलीचा खून झाला, ३८ जण बघत राहिले अशी बातमी गाजली, त्यावर मानसशास्त्रात 'बघे जितके जास्त तितकी मदत कमी' असा अख्खा सिद्धांत उभा राहिला. पुढे कळलं की ती बातमीच बरीच फुगवलेली. अलीकडे अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या सीसीटीव्हीत सापडलेली २१९ खरी भांडणं संशोधकांनी बसून बघितली. ९१ टक्के भांडणांत किमान एक बघ्या मध्ये पडला होता. हात धरला, ढकललं, मध्ये उभा राहिला. आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. मोबाइलवाल्याचा व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो. ज्याने हात धरला तो त्या व्हिडिओत पाठमोरा असतो.


मावशी पंचवटी | ९:५५

असेल बाई. रविवार कारंजावर मागं एका फुलवालीने दोघांच्या अंगावर पाण्याची बादली ओतली होती, ते मी पाहिलंय. तिचा व्हिडिओ कुणी काढला नाही.


ठाणे अंमलदार (निवृत्त) | ११:२०

परदेशाचं पुष्कळ झालं. सुरेश खोपडे साहेबांचं भिवंडीचं काम विसरू नका. १९८४ च्या दंगलीत ते गाव होरपळलं होतं. पुढे साहेब तिथे डीसीपी असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. प्रत्येक भागात एक साधा पोलीस नेमायचा आणि दोन्ही समाजांची सामान्य माणसं नियमित एकत्र बसवायची. पुढारी नाहीत, यंत्रमागवाले, पानवाले, रिक्षावाले. विषय काय, तर नळ, गटार, नवरा-बायकोचं भांडण. डिसेंबर ९२-जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. दंगल आणि चौकातली मारामारी एक नव्हे, कबूल. पण भांडण लहान असताना ऐकून घेणारा कुणीतरी असावा, हे तिथे शिपायाच्या पातळीवर केलं होतं.

दारूबद्दल कुणी बोललं नाही. ब्राझीलमध्ये दियादेमा नावाचं कारखान्यांचं गाव आहे, आपलं सातपूर-अंबड समजा. २००२ मध्ये तिथे रात्री ११ नंतर दारूविक्री बंद केली, खून लक्षणीय कमी झाले. मी वाचलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे वेळ ठरलेलीच आहे. शटर खाली आणि मागचं दार उघडं, एवढाच फरक.


रात्रपाळी | पुढच्या आठवड्यातला बुधवार, सकाळी ८:५०

अपडेट द्यायला आलो.

सोमवारी आमच्या मोठ्या डॉक्टरांना वही दाखवली. आधी चिडले. 'कुणी सांगितलं होतं' वगैरे. मग वही परत मागितली. मग दार लावून घेतलं. आता असं ठरतंय की केसपेपरच्या खिडकीवर चार रकाने वाढवायला रीतसर परवानगी मागायची. परवानगी येईल, न येईल. वही मात्र मी त्यांच्याकडे जमा केली. बायकांसाठी काय करायचं यावर गोदाकाठी ताईंशी व्यनितून (खाजगी निरोपातून) बोलतोय, ते इथे लिहीत नाही. इन्चार्ज सिस्टरना मी अंगणातली ताईंचं इंजेक्शन सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठलं इंजेक्शन ते आम्हाला माहितीय रे." चौदा वर्षं एका वॉर्डात काम करतो आम्ही, मला माहीत नव्हतं.

आणि तो गमछावाला पोरगा. टाके काढायला आला काल. एकटाच. जखम छान भरलीय. एक टाका ओढला, तो डोळे मिटून बसला. मी म्हटलं, "गाडी कुठे पडली होती रे?"

तो थोडा वेळ गप्प. मग जागा सांगितली. वहीतल्या तीन जागांपैकी दुसरी.

"किती वाजता?"

"साडेअकरा. बाराला कमी असतील."

"गाडीवर किती जण होते?"

आता त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. हसला.

"चार. एक खाली थांबला होता."

"आणि तिथं लाईट?"

"नाही ना. पोल आहे, लाईट नाही. असती तर गाडी दिसली असती मला."